पन्नास ओळींची वही

बारा वर्षं सुई टोचून झाल्यावर
एकोणचाळिसाव्या वर्षी सुईण व्हायला निघालीस,
असं कोणी म्हटलं नाही तिला;
ऊमेओच्या भाषेत ही गंमत होत नाही.
काका मात्र फोनवर म्हणाला,
"आपल्या रेनडिअरना कुठली पदविका लागते, रिस्टिन?"
आणि स्वतःच हसत बसला.

पदविका लागते. दीड वर्ष लागतं.
हृदयविकाराच्या वॉर्डातली कायम नोकरी सोडून
पुन्हा दप्तर, पुन्हा शेवटचा बाक,
प्लास्टिकच्या कटीरातून कापडी बाळ
वळवत वळवत बाहेर काढायचं.
आणि एक वही. पन्नास ओळी.
पन्नास बाळंतपणं आपल्या हातांनी;
वेळ, वजन, वार पूर्ण पडली का,
पहिलं रडणं किती वाजता,
आणि कडेला गुनवोरची सही.

गुनवोर त्रेसष्टची. गुडघ्यांखाली उशी घेऊन
जमिनीवरच बसते,
यंत्र भिंतीशी उभं असलं तरी
लाकडी नळकांडं पोटाला लावून कान देते.
पहिल्याच रात्री तिनं रिस्टिनचे हात पाहिले :
नाडी बघ, सलाइन हलव, चादर ताण, पडदा ओढ.
"तिकडे थांबली असतीस तर माणूस गेलं असतं.
इकडे थांबली नाहीस तर बाई बिथरते.
हात मांडीखाली घे. बस त्यांच्यावर."
सगळ्या अभ्यासात अवघड गेलं ते हेच.

नववी अब्रेहेत. दोघींत मिळून चाळीसेक शब्द,
त्यांतले कळांच्या कामाचे तीन.
तिनं रिस्टिनचं मनगट असं धरलं
की दुसऱ्या दिवशी घड्याळ बांधवेना.
पहाटे मोकळी झाली. मुलगा.
मग ट्रे आला : भाजलेला पाव, चीज,
उंच ग्लासात सफरचंदाचा फसफसता रस,
आणि काडीवर कागदी झेंडा, निळा-पिवळा,
इथली रीतच ती.
अब्रेहेतनं झेंडा बाळाच्या टोपीत खोचला.

सतरावी.
तिचं नाव लिहीत नाही.
आदल्या संध्याकाळी यंत्र गप्प होतं,
गुनवोरनं तरी नळकांडं लावलं, बराच वेळ लावलं.
कळा तर याव्याच लागतात. त्या आल्या.
चार बारा. दोन हजार नऊशे चाळीस. वार पूर्ण.
नखं नीट आलेली.
पाठ चोळायला गेलेला रिस्टिनचा हात
वाटेतच थांबला,
मग तसाच हळू फिरला, पुसत.

स्वयंपाकघरात टोस्टर तापत होता.
"ट्रे न्यायचा?"
"बाळंतीण आहे ती. रात्रभर राबलीय.
भूक लागेल, आणि लागली म्हणून लाजेल.
तू नेलास की नाही लाजणार."
"आणि झेंडा?"
गुनवोर कपाटाच्या दाराकडे बघत राहिली.
"अडतीस वर्षं झाली. मला अजून ठाऊक नाही."
रिस्टिननं तो खिशात घातला.

बाई अर्धा पाव खाऊन थांबली.
ट्रेवर डावीकडे, उजवीकडे पाहिलं.
"आणि झेंडा?" ती म्हणाली.
खिशात काडी वाकली होती.
सरळ करायला थोडा वेळ लागला.

सकाळी वही उघडली. "ही मोजायची?"
सही आधीच झाली होती.
"रडण्याच्या रकान्यात रेघ मारू?"
"नको. कोरा राहू दे."

घरी जाताना रस्त्यावर रेनडिअर,
सात-आठ, बर्फातलं मीठ चाटत उभे.
मागच्या ट्रकनं दोनदा हॉर्न दिला.
रिस्टिननं इंजिन बंद केलं,
हात मांडीखाली घेतले,
आणि मग, कुणी बघत नाही असं पाहून,
एक हात बाहेर काढला, डोळे पुसायला.
मध्ये उभी होती ती मादी.
पोटानं जड. सावकाश निघाली.